वेल्डिंगच्या ऑटो (आपोआप काळ्या होणाऱ्या) हेल्मेटची काच वेळेवर काळी होत नसेल तर काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

माझ्याकडे तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते. “अण्णा, काच गेली बघा, नवीन द्या.” बेळगावच्या उद्यमबागेतल्या फॅब्रिकेशन शेडमधून आलेली असो, निपाणीकडच्या ट्रॉलीवाल्याची असो की खानापुरातल्या ग्रिल-गेटवाल्याची, वाक्य तेच. हेल्मेट हातात घेऊन बघितलं की बहुतेक वेळा काच गेलेली नसते. म्हणून पैसे काढण्याआधी नेमकं काय होतंय ते ओळखा:

आर्क (वेल्डिंगची विजेची प्रखर ज्योत) मारला तरी काच काळी होतच नाही.

काळी होते, पण वेल्डिंग चालू असतानाच मध्येच उजळते आणि परत काळी होते, म्हणजे लुकलुकते.

रॉडच्या वेल्डिंगला बरोबर चालते, आर्गॉनच्या (टिग) वेल्डिंगला कमी अँपिअरवर चालत नाही.

आर्क नसतानाच काळी होते, उन्हात गेलं की काळी होते, किंवा काळी झाली की लवकर उजळत नाही.

एखादा कोपरा फिकट दिसतो, डाग दिसतो, मध्ये रेघ दिसते.

काच व्यवस्थित काळी होते, तरी रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं.

यातलं पहिलं किंवा दुसरं लक्षण असेल तर त्या हेल्मेटने काम तिथंच थांबवा. जुनी हातातली शील्ड, १० किंवा ११ नंबरची (नंबर मोठा तितकी काच जास्त काळी) साधी काळी काच लावलेली, शेडमध्ये कुठंतरी पडलेली असतेच. तपासणी होईपर्यंत ती वापरा. “एवढा टॅक मारून घेतो, डोळे मिटून” असं म्हणणारी पोरं मी रोज बघतो आणि मला त्याची खरंच काळजी वाटते. टॅक, म्हणजे जोड धरून ठेवणारा छोटा टाका, एक नसतो, दिवसाला शंभर असतात, आणि पापणी नेमकी आर्कच्या आधी मिटत नाही.

आत काय आहे हे दोन ओळीत समजलं तर पुढचं सोपं जाईल. ही काळी होणारी काच म्हणजे फिल्टर. त्याच्या पुढच्या बाजूला आरशासारखा चमकणारा एक थर असतो. तो यूव्ही आणि इन्फ्रारेड किरण कायम अडवतो, काच उजळलेली असो वा काळी, सेल संपलेला असला तरी. त्याच्या मागे एलसीडीचे थर असतात. सेन्सरला आर्क दिसला की सर्किट त्यांना काळं करतं. चांगल्या हेल्मेटमध्ये हे सेकंदाच्या २५,००० व्या भागात किंवा त्याहून लवकर होतं. उजळलेल्या अवस्थेत काच ३ किंवा ४ नंबरची असते, काळी झाल्यावर साधारण ९ ते १३. म्हणजे काच काळी झाली नाही तर यूव्ही अडतात, पण डोळे दिपवणारा प्रखर उजेड सरळ आत येतो, आणि रोज रोज तसा उजेड बघणं डोळ्याच्या पडद्याला चांगलं नाही. मात्र यूव्ही अडवण्याची ही खात्री फिल्टर अखंड आणि मानकाचा असेल तरच. तडा गेलेल्या किंवा कुठल्याही खुणेविना विकलेल्या फिल्टरची खात्री मी देत नाही.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

आधी बटण बघा. बहुतेक हेल्मेटला ‘ग्राइंड’ असा एक मोड असतो. तो चालू असला की फिल्टर मुद्दाम काळा होत नाही, कारण ग्राइंडरच्या ठिणग्यांनी सारखा काळा झाला तर काम करता येणार नाही. काहींत हे बटण बाहेर डाव्या कानाजवळ असतं, हेल्मेट काढून टेबलावर आपटलं की आपोआप दाबलं जातं. एक जण ग्राइंडिंग करतो, दुसरा तेच हेल्मेट डोक्यावर चढवून आर्क मारतो. एकाच हेल्मेटवर दोघं-तिघं काम करतात त्या शेडमध्ये ‘काच गेली’चं हे सगळ्यात मोठं कारण. डोक्यावर घालण्याआधी बटण बघायची सवय लावून घ्या. ‘टेस्ट’ बटण असेल तर तेही दाबा, काच क्षणभर काळी व्हायला पाहिजे.

नवीन हेल्मेट असेल तर फिल्टरच्या पुढे बसवलेल्या बाहेरच्या पारदर्शक काचेवरची पातळ प्लास्टिकची फिल्म काढली का? दोन्ही बाजूंना असते. आतल्या बाजूची हमखास राहते, मग ‘धूसर दिसतंय, माल खराब’ अशी तक्रार येते.

आता बाहेरची काच काढून आकाशाकडे धरा. मी ती मधोमध बघत नाही, सेन्सरच्या समोरच्या जागी बघतो. फिल्टरवर वरच्या किंवा बाजूच्या कडेला दोन किंवा चार बारीक काळसर खिडक्या दिसतात, ते सेन्सर. नेमक्या त्या जागी काचेवर वेल्डिंगच्या उडणाऱ्या छिट्यांचे करडे ठिपके बसलेले असतात, भोवती जळकी पिवळट कड, आणि वर सीओटू वेल्डिंगच्या धुराचा तेलकट थर. डोळ्यांसमोरचा भाग वेल्डर बाहीने पुसून घेतो. कोपऱ्यातले सेन्सर कोण पुसत नाही. सेन्सर आंधळा झाला तर काच काळी कशी होणार?

पुसायला मऊ सुती फडकं आणि साबणाचं कोमट पाणी, एवढंच. थिनर, पेट्रोल, डिझेल, रंग काढायचं पाणी लावू नका. ही काच पॉलीकार्बोनेटची असते. थिनरने लगेच काही दिसत नाही, पण थोड्या दिवसांत जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. फिल्टर पाण्यात बुडवायचा नाही, फडकं ओलसर करून पुसायचा. कंप्रेसरची हवा फिल्टरच्या कडेला लावू नका, धूळ आणि दमटपणा सीलमधून आत जातो.

छिटे पुसून जात नाहीत. तेव्हा बाहेरची काच बदलायची. हेल्मेटमधला हा सगळ्यात स्वस्त भाग आणि खर्च होण्यासाठीच बनवलेला. ती नसताना किंवा फुटकी लावून हेल्मेट वापरलं तर पुढचे छिटे थेट फिल्टरवर बसतात आणि फिल्टरला पर्याय नाही, तो आख्खा बदलायला लागतो. माझं मत विचाराल तर हेल्मेट घेतानाच बाहेरच्या चार-पाच काचा घेऊन ठेवा, त्याच मॉडेलच्या. मापात थोडा फरक पडला तरी कडेने फट राहते.

कसं बसता, कुठं वाकता

ऊस तोडणीच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला, चिकोडी, अथणी, कागवाड, रायबाग या भागात ट्रॉल्यांच्या दुरुस्तीची घाई असते. तेव्हा ‘लुकलुकते’ ही तक्रार एकदम वाढते. माणूस ट्रॉलीखाली उताणा पडलेला, ट्रॉलीचा लोखंडी चॅनेल डोक्यापासून वीतभरावर, आर्क चॅनेलच्या पलीकडच्या कोपऱ्यात. त्याच्या डोळ्याला आर्क चॅनेलखालून दिसतो, पण हेल्मेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही सेन्सरसमोर चॅनेलची पाटी येते. डोकं थोडं हललं की सेन्सरला आर्क दिसतो, परत हललं की दिसत नाही. काच बिचारी तेवढ्याच वेळा काळी-पांढरी होते. पाईपच्या मागच्या बाजूला, पेटीच्या आत, रॉड धरलेला स्वतःचाच हात मध्ये आला तरी हेच होतं.

यासाठी काही खोलायचं नाही. डोकं असं ठेवा की निदान दोन सेन्सरना आर्क सरळ दिसेल. ते जमत नसेल तर त्या जोडापुरती साधी काळी काच वापरा. अडचणीच्या जागीच काम करणार असाल तर पुढच्या वेळी दोन सेन्सरचं नको, चार सेन्सरचं हेल्मेट घ्या. जास्तीचे पैसे इथं खरंच कामाला येतात. आणि डोक्यावरून छिटे-थेंब पडण्याच्या कामाला हेल्मेट चालतं का ते त्याच्या माहितीपत्रकात बघा, बरीच चालत नाहीत.

याला जोडून एक गोष्ट, जी फिल्टरची नसून मशीनची असते. लुकलुकणारी काच कधी कधी बरोबर असते, आर्कच तुटत असतो. अर्थिंगचा क्लॅम्प गंजावर किंवा रंगावर लावलेला, होल्डरची पकड सैल, किंवा पावसात ओल धरलेला रॉड. खानापूर, जांबोटीकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं, उघड्या पुड्यातले रॉड दोन दिवसांत दमट होतात. क्लॅम्पखालची जागा ग्राइंडरने चकचकीत करा, कोरडा रॉड घ्या, आणि मग काच लुकलुकते का बघा. तरी आर्क तुटत असेल तर मशीन मेकॅनिककडे द्या. इन्व्हर्टर मशीन स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेणारा विजेचा दाब काही वेळ राहतो.

नॉब

सेन्सिटिव्हिटी म्हणजे किती उजेड दिसला की काच काळी व्हायची ते. आर्गॉनला कमी अँपिअरवर, विशेषतः स्टेनलेसच्या पातळ पत्र्यावर, आर्क शांत आणि मंद असतो. तिथं सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर न्या. स्वस्त हेल्मेट १५-२० अँपिअरचा आर्गॉन आर्क कितीही वाढवलं तरी पकडत नाहीत. तो बिघाड नाही, त्या हेल्मेटची मर्यादा आहे. खोक्यावर आर्गॉनसाठी किमान किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्या, काहीच लिहिलेलं नसेल तर आर्गॉनला ते घेऊ नका.

उलट, उन्हात किंवा शेजाऱ्याच्या आर्कने काच काळी होत असेल तर सेन्सिटिव्हिटी कमी करा, पण थोडी थोडी, आणि दर वेळी भंगारातल्या तुकड्यावर बघून. एका ओळीत चार जण काम करत असतील तर मध्ये वेल्डिंगचा पडदा लावणं हाच खरा उपाय.

डिले म्हणजे आर्क संपल्यावर काच किती वेळ काळी राहायची, साधारण ०.१ ते १ सेकंद. टॅक मारताना कमी ठेवा. जास्त अँपिअरवर वाढवा, कारण आर्क विझला तरी वितळलेला धातू पांढरा तापलेला असतो. पल्स आर्गॉनला (करंट सारखा कमी-जास्त होणाऱ्या) काच लुकलुकत असेल तर डिले वाढवल्यावर बऱ्याचदा थांबते.

काळेपणाचा नंबर: ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला, साधारण १०० ते १३० अँपिअरला, १० किंवा ११. १६० अँपिअरच्या वर रॉड किंवा सीओटू चालवत असाल तर १२ कडे जा. आधी जास्त काळा ठेवायचा आणि वितळलेला धातू नीट दिसेपर्यंत एकेक नंबर खाली यायचं, उलट दिशेने नाही. गॅस कटिंगला हे हेल्मेट नको. गॅसच्या ज्योतीने सेन्सर बहुधा जागाच होत नाही, ५ नंबरचा गॉगल घाला. आता हातात धरायची लेझर वेल्डिंग मशीन येऊ लागली आहेत. त्यांची लेझर १०७०-१०८० नॅनोमीटरच्या आसपासची, डोळ्याला न दिसणारी. तिथं ऑटो हेल्मेट घालून उभं राहणं म्हणजे काहीच न घालण्यासारखं आहे, त्या लेझरसाठीच बनवलेलं हेल्मेट आणि चष्मा पाहिजे.

सेल आणि सोलर

फिल्टरच्या वरच्या पट्टीत सोलर असतो, म्हणून पुष्कळ जण समजतात की सेल लागतच नाही किंवा सोलर सेल चार्ज करतो. बऱ्याच हेल्मेटमध्ये सीआर २०३२ किंवा सीआर २४५० हा बटण सेल असतो, तो चार्ज होणारा नसतोच. सोलर आर्कच्या उजेडावर सर्किटला हातभार लावतो, आर्क पेटायच्या क्षणाला जागं ठेवण्याचं काम सेलचं. म्हणून सेल उतरला की पहिला झटका उजेडाचा बसतो आणि मग काच काळी होते. ‘सुरुवातीलाच डोळे दिपतात, नंतर ठीक’ असं कुणी म्हणालं की आधी सेल बदला.

सेलचा छोटा ट्रे नखाने ओढून काढा. पावसाळ्यानंतर इथं काय दिसतं ते बघण्यासारखं असतं: सेलच्या कडेला पांढरी भुकटी, पितळी पत्तीवर हिरवट थर. पत्ती पेन्सिलच्या खोडरबरने घासा, कोरड्या फडक्याने पुसा, दबली असेल तर हलक्या हाताने किंचित वर उचला. नवा सेल घालताना अधिकची (+) बाजू ट्रेवरच्या खुणेप्रमाणे. दोन सेल असतील तर दोन्ही एकदम बदला. काढलेले सेल पोरांच्या हाताला लागू देऊ नका, गिळला गेला तर बटण सेल अन्ननलिका जाळतो. काही स्वस्त हेल्मेटमध्ये सेल आत बंदिस्त असतो, बदलता येत नाही. ते कापून सेल सोल्डर करून देणारे आहेत. मी करत नाही आणि तुम्हीही करून घेऊ नका, कारण कापलेलं सील परत पूर्वीसारखं बसत नाही.

सेल बदलल्यावर आर्कवर जायची गरज नाही. सावलीत बसून सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर करा, टीव्हीचा रिमोट सेन्सरसमोर धरून बटण दाबा. पुष्कळ हेल्मेट काळी होतात. एकेक सेन्सर मोकळा ठेवून बाकीचे बोटांनी झाकून हेच केलं तर कुठला सेन्सर मेलाय तेही कळतं. रिमोटला काळं झालं नाही म्हणून लगेच बाद ठरवू नका, काही मॉडेल रिमोटला दाद देत नाहीत. सूर्याकडे फिल्टर धरून बघणं हीसुद्धा फक्त सर्किट जिवंत आहे एवढंच सांगणारी तपासणी आहे, आणि तेव्हा तुम्ही त्यातून बघायचं नाही, बाजूने बघायचं.

खरा आर्क लावून बघायचाच असेल तर डोळ्याने नको, मोबाईलने बघा. हेल्मेट टेबलावर, आर्कपासून मीटरभर लांब, सेन्सर आर्ककडे तोंड करून ठेवा. फिल्टरच्या मागे मोबाईल टेकवून व्हिडिओ चालू करा, मागून येणारा उजेड फडक्याने झाका. आर्क मारणाऱ्याने साधी काळी काच धरायची, बाकी सगळ्यांनी पाठ करायची. नंतर व्हिडिओ बघा. काच काळी होऊन राहिली की लुकलुकली, ते त्यात दिसतं.

ऊन, थंडी, आणि नसलेला बिघाड

डिसेंबर-जानेवारीत बेळगावची सकाळ चांगली गार असते. गारठलेला एलसीडी सावकाश हलतो. बहुतेक हेल्मेट उणे ५ ते ५५ अंश सेल्सिअससाठी असतात, त्यामुळे आपल्या थंडीने पूर्ण बंद पडायला नको, पण रात्रभर उघड्या शेडच्या पत्र्याला टांगलेलं हेल्मेट आधी आत आणून थोडं ऊबदार होऊ द्या. त्याहून मोठं नुकसान उन्हाने होतं. एप्रिलमध्ये टेम्पोच्या काचेमागे, डॅशबोर्डवर ठेवलेलं हेल्मेट ५५ अंशांच्या पुढे सहज जातं, आणि असं तापून आलेल्या फिल्टरवर काळे डाग मी बघितले आहेत, जे पुन्हा गेले नाहीत. फाउंड्रीतल्या भट्टीशेजारीही तेच.

कोपरा फिकट दिसतो म्हणून घाबरू नका. एलसीडीकडे तिरकं बघितलं की काळेपणा बदलतो, तो त्याचा स्वभाव. युरोपच्या ईएन ३७९ या मानकाच्या खुणेत १/१/१/२ असे चार आकडे असतात, त्यातला शेवटचा हाच तिरका फरक सांगतो, १ सगळ्यात चांगला. हेडबँड घट्ट करून डोळे काचेच्या मधोमध आणा, अर्धी तक्रार तिथं संपते. सरळ बघूनही डाग एकाच जागी राहिला तर मात्र तो बिघाड.

इथं थांबा

तडा, सरळ बघूनही राहणारा डाग, थरांमध्ये वाफ किंवा बुडबुडे, हलवल्यावर खुळखुळणारा आवाज, सेन्सर मेलेला, किंवा वरचं सगळं करूनही पहिला झटका बसतोच: यातलं एकही असेल तर फिल्टर दुरुस्त होत नाही. कुणाकडेही नाही. आतला थर उघडून चिकटवला तर यूव्ही अडतात की नाही हे शेडमध्ये तपासायचं कोणतंच साधन नसतं. वॉरंटी असेल तर न खोलता विक्रेत्याकडे द्या.

काच नीट काळी होते, तरी रात्री ज्यांचे डोळे चुरचुरतात, त्यांनी हेल्मेट सोडून आजूबाजूला बघा. बहुतेक वेळा मागच्या वेल्डरचा आर्क हेल्मेटच्या पाठीमागून आत शिरतो आणि काचेच्या आतल्या बाजूवरून डोळ्यात परततो. पांढऱ्या रंगाच्या किंवा चकचकीत पत्र्याच्या भिंतीवरूनही येतो. पडदा लावा. आणि जॉब धरून उभा असलेला हेल्पर! त्याच्याकडे बहुधा काहीच नसतं, तोंड फिरवून उभा असतो. आर्क सगळ्यात जास्त त्याला लागतो. त्यालाही काळी काच द्या.

आर्क लागल्याचा त्रास लगेच होत नाही, काही तासांनी, बऱ्याचदा मध्यरात्री सुरू होतो: पाणी, जळजळ, उजेड सहन न होणं. डोळे चोळू नका, लेन्स असतील तर काढा, अंधाऱ्या खोलीत मिटलेल्या डोळ्यांवर थंड ओलं फडकं ठेवा. बटाट्याचा रस, दूध, मध डोळ्यात घालू नका, जखमेवर जंतू जातात. मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून घालत बसू नका, दुखणं थांबतं पण वरची जखम भरायला उशीर होतो. साधा त्रास एक-दोन दिवसांत जातो. नजर अंधुक झाली, एकाच डोळ्यात टोचतंय, ग्राइंडिंगचा कण गेल्याची शंका आहे, किंवा दोन दिवसांनीही त्रास आहे, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि वेल्डिंग करतो हे स्पष्ट सांगा.

नवीन फिल्टर घेताना जुना सोबत न्या. ११० गुणिले ९० मिलिमीटर हे माप सर्रास मिळतं, पण जाडी आणि सोलर पट्टीची जागा जुळली तरच खोबणीत पक्का बसतो. बसवल्यावर हेल्मेट उजेडाकडे धरून आतून कडा बघा, कुठूनही किरण येता कामा नये. जुन्या फिल्टरवर मार्करने मोठी फुली मारून तो वेगळा काढा, नाहीतर रॅकवरून उचलून एखादं शिकाऊ पोरगं तोच परत लावतं.